रेस सोडल्यानंतर

रेस दिली की इंजिन काय करतं, हे मोटारींचा नाद असलेला कुणीही सांगेल. रेस सोडली की काय होतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मिरजेत अण्णांच्या गॅरेजमध्ये लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायला लागलो, आणि सगळ्यात जास्त गोंधळ उडवला तो याच प्रश्नानं.

गाडी जुनी मारुती एस्टीम, 1298 सीसीची, ऑटोक्रॉससाठी बांधायला घेतलेली. कॅमशाफ्ट बदललेला, इंजेक्टर मूळच्यापेक्षा मोठे आणि कंपनीच्या ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या, जागी स्पीडुइनो. ऑस्ट्रेलियातल्या जोश स्टुअर्टनं आर्डुइनो मेगा बोर्डावर हा ईसीयू उभा केला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं. त्यामुळे एस्टीम ट्रेलरवरूनच हलायची आणि चाचणी व्हायची ती मालगावच्या बाजूला, मळ्यातल्या खासगी सडकेवर.

पहिला धक्का इंजिन सुरू होण्याआधीच बसला. चावी फिरवली, तर मॅनिफोल्डमधला दाब लॅपटॉपवर 95 किलोपास्कल. मी वाचलेलं, हवेचा दाब 101 असतो. अण्णा म्हणाले, "ते समुद्राकाठचं. मिरज साडेपाचशे मीटर उंचीवर आहे की. सेन्सर बरोबर सांगतोय." आकडा बरोबर असतो, पण तो कशाचा आहे हे आधी विचारायचं, हा धडा पुढे पदोपदी लागला.

सडकेवर अण्णा दुसऱ्या गिअरमध्ये गाडी 4000 आरपीएमपर्यंत न्यायचे आणि पाय उचलायचे. सायलेन्सरमधून फाट फाट बार निघायचे, आरपीएम उतरले की गाडी हिसका द्यायची. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत वाइडबँड मीटरचा काटा चक्रावून टाकायचा. हवा आणि पेट्रोल यांचं नेमकं प्रमाण 14.7 ला 1. मीटर आधी 12 च्या खाली जायचा, म्हणजे पेट्रोल जास्त. लगेच 17, 18, म्हणजे कमी. मग थेट मोजपट्टीच्या टोकाला. एकच पाय, एकच इंजिन आणि इतक्या उलटसुलट गोष्टी कशा?

अण्णांनी लॉग थांबवून एकेक टप्पा उलगडला. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, तशी इनटेक पोर्टच्या आतल्या भिंतीवर पेट्रोलची ओल असते. थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमधला दाब एकदम पडतो, ती ओल भराभर उडते आणि इंजेक्टरनं दिलेल्यापेक्षा जास्त पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं. म्हणून क्षणभर 12. त्यावर उपाय म्हणजे पाय उचलताना इंजेक्टरचं पेट्रोल तेवढ्यापुरतं कमी करणं.

टोकाला गेलेला काटा सगळ्यात निरुपद्रवी निघाला. पाय पूर्ण उचललेला, इंजिन तापलेलं आणि आरपीएम ठरावीक आकड्याच्या वर असतील, तर ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करतो. सायलेन्सरमधून नुसती हवा जाते आणि मीटर हवाच मोजतो. शेजारचा रकाना बघितला की उलगडा होतो: इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ शून्य.

खरा गुंता होता मधल्या 17-18 चा. तिथे इंजेक्टर चालू होता आणि बारही तिथेच निघत होते. पेट्रोल कमी दिसतंय तर वाढवावं, असं कुणालाही वाटेल. अण्णांनी विचारलं, "मीटर काय मोजतो? पेट्रोल?" वाइडबँड मोजतो सायलेन्सरमधला ऑक्सिजन. रेस सोडल्यावर सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण अगदी थोडं, त्यात या कॅमशाफ्टमुळे दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहून जळलेला वायू परत आत ओढला जातो. ठिणगी पडते, पण जाळ पसरत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर येतात. मीटरला ऑक्सिजन दिसतो, तो 'पेट्रोल कमी' म्हणतो. पेट्रोल मात्र तापलेल्या पाइपात पेटून बार होतो. तिथे आणखी पेट्रोल ओतलं की बार वाढणार.

त्यातही एक उपशंका होती. एक्झॉस्टचा जोड गळका असेल, तर रेस सोडल्यावर बाहेरची हवा आत शिरते आणि मीटर तसाच फसतो. म्हणून आधी थंड इंजिन चालू करून सायलेन्सरचं तोंड जाड फडक्यानं दाबलं आणि जोडाशी कान दिला. फुसफुस ऐकू आली. गास्केट बदललं, काही बार तिथेच थांबले.

मग पेट्रोल-बंदी तात्पुरती काढून टाकून ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्यातल्या कमी दाबाच्या ओळी दुरुस्त केल्या. मोठ्या इंजेक्टरची इथे अडचण असते. उघडायलाच त्याला साधारण एक मिलिसेकंद लागतो, बॅटरीचा व्होल्टेज उतरला की त्याहून जास्त. एकूण वेळच दोनेक मिलिसेकंद असेल, तर थोड्या फरकानं मिश्रण बिघडतं. ठिणगी थोडी आधी पडेल असं टायमिंग वाढवल्यावर ज्वलन बरंच स्थिर झालं.

शेवटी बंदी परत चालू केली: 1800 च्या वर बंद, 1500 ला पुन्हा सुरू. हिसका तिथेच होता, कारण बंदीच्या काळात पोर्टच्या भिंती सुकतात आणि सुरुवातीचं पेट्रोल त्या ओल्या करण्यातच जातं. परत सुरू होताना किंचित जास्त पेट्रोल दिलं, गाडी अलगद आयडलवर आली.

सायलेन्सरमधून बार काढण्यासाठी मुद्दाम पैसे मोजणारी पोरं आहेत. त्यांना मी कळकळीनं सांगेन की तो आवाज ताकदीचा नाही. सिलिंडरबाहेर वाया गेलेल्या पेट्रोलचा आहे, आणि रस्त्यावरच्या गाडीत तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवू शकतो.

यातलं एक ज्ञान मात्र मॉडिफाइड इंजिन नसलेल्यांच्याही कामाचं आहे. आंबा घाट उतरताना पेट्रोल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करणारे अजून खूप आहेत. कार्ब्युरेटरच्या काळातली ही सवय. इंजेक्शनच्या गाडीत न्यूट्रलला इंजिन आयडलवर ठेवायला पेट्रोल लागतंच. गिअरमध्ये ठेवून पाय उचललात, तर ईसीयू पेट्रोल बंद करतो, आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं ते वेगळंच. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा. वाचतं ते पेट्रोलही आणि ब्रेकही.