अंगाखालची ऊब

झोळी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येते ते तान्हे मूल. शेतात राबणारी आई बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधते, बाळाला तीत निजवते आणि कामाला लागते. खाली चिखल असो, मुंग्या असोत की विंचू असो. बाळ जमिनीपासून हातभर उंच, निर्धास्त झोपलेले असते. चार हात कापड आणि दोन भक्कम आधार, एवढ्यावर उभी राहणारी दुसरी शय्या जगात क्वचितच सापडेल!

सातासमुद्रांपलीकडे कॅरिबियन बेटांवर राहणाऱ्या ताइनो लोकांनाही ही युक्ती ठाऊक होती. १४९२ साली कोलंबस त्या बेटांवर पोहोचला, तेव्हा सुताच्या जाळीच्या झोळ्या टांगून लोक त्यांत झोपतात, असे त्याला दिसले. या झोळीला ते ‘हमाका’ म्हणत. त्यावरूनच इंग्रजीतला ‘हॅमक’ हा शब्द आला. पुढे युरोपातील खलाशांनी ती आपल्या जहाजांवर नेली. ब्रिटिश आरमारात एकेका खलाशाच्या झोळीच्या वाट्याला अवघी १४ इंच रुंदीची जागा येत असे. तरीही जहाज कितीही डोलले तरी झोळी आपला तोल सोडत नसे. मौज अशी, की हे खलाशी झोळीत एक पातळशी गादी अंथरीत. लोंबत्या मऊ कापडावर आणखी गादी कशाला, असे कोणालाही वाटेल. पुण्यातील एका गुरुजींनाही तसेच वाटले होते.

या गुरुजींना सह्याद्रीचे विलक्षण वेड. भर पावसाळ्यात आपल्या वर्गातील आठ मुलांना डोंगराच्या कुशीत एक रात्र न्यावे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पावसाळ्यात तेथे जमीन निथळत असते. म्हणून झोळीतच झोपावे, असे त्यांनी ठरविले. परंतु दुकानात जाऊन चौकशी केली, तेव्हा एका मुलाच्या सामानाची किंमत ऐकूनच ते परत फिरले. वर्गात कोणाचे वडील रिक्षा चालवीत, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करी. सहल काढावयाची तर सर्वांची. पैशांअभावी एकही मूल घरी राहणार असेल, तर ती सहलच नको, असा गुरुजींचा निश्चय होता. तेव्हा स्वस्तातले सामान जमवून आधी स्वतःवरच प्रयोग करावा, असे त्यांनी मनाशी योजले.

श्रावणातल्या एका शनिवारी ते तोरण्याच्या पायथ्याशी गेले. ओळखीच्या एका शेतकरी आजोबांची परवानगी घेऊन त्यांनी घराशेजारच्या दोन जांभळींना झोळी बांधली. झाडाची साल दोरीने कापू नये म्हणून खाटेची रुंद नवार खोडाभोवती गुंडाळली. वर ताडपत्री ताणली, अंगावर दोन जाड रजया घेतल्या आणि पावसाचा नाद ऐकत ते आनंदाने पहुडले.

तो आनंद मध्यरात्रीपर्यंतच टिकला. प्रथम पाठ गार पडली, मग कंबर. मग सर्वांगाला कापरे भरले. उशाकडची बाजू तर चक्क भिजली होती. जवळच्या तापमापकात पारा २० अंशांवर होता. एवढ्या उष्णतेत माणूस असा कुडकुडावा, याचे त्यांना नवल वाटले. एका रजईच्या चार घड्या करून त्यांनी छातीवर घेतल्या. काही उपयोग झाला नाही. ‘आपलीच ही गत, तर मुलांचे काय होईल?’ या विचाराने त्यांचा धीर सुटला. अखेर त्यांनी मुकाट्याने घराची कडी वाजविली.

आजोबांनी त्यांना चुलीपुढे बसविले, कोरडे धोतर दिले, गुळाचा चहा हाती ठेवला. सारी हकीकत ऐकल्यावर ते एवढेच म्हणाले, “गुरुजी, वरून किती घेतलंत ते राहू द्या. अंगाखाली काय घातलं व्हतं?”

गुरुजी निरुत्तर झाले. अंगाखाली कापडाच्या एका पदराशिवाय काहीच नव्हते! आजोबांनी कंदील घेऊन त्यांना गोठा दाखविला. गाय भाताच्या पेंढ्यावर रवंथ करीत बसली होती. तिच्या अंगावर काही नव्हते. जे होते ते खाली होते.

वर्गात कितीदा शिकविलेला धडा गुरुजींना त्या गोठ्यात नव्याने कळला. कोणतेही पांघरूण स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता आपल्या शरीराची. पांघरूण तिला फक्त अडवून धरते. तेही कापडाच्या बळावर नव्हे, तर त्याच्या धाग्यांत अडकलेल्या स्थिर हवेच्या बळावर. अंगाखाली दबलेल्या कापसातील हवा निघून जाते आणि त्याची ऊब सरते. जमिनीवर निदान वारा तरी खालून लागत नाही. झोळीच्या पोटाखालून मात्र तो सारखा वाहतो आणि शरीराची उष्णता चोरून नेतो. खलाशांच्या त्या पातळ गादीचे मर्म हेच होते.

पहाटे पाऊस थोडा ओसरला, तेव्हा उशी का भिजली याचा गुरुजींनी शोध घेतला. पावसाचे पाणी झाडावरून झोळीच्या दोरीवर उतरत होते आणि दोरीच्या वाटेने ताडपत्रीखाली शिरून सरळ झोळीत पोहोचत होते. अंगणात वाळत घालण्याची दोरीही तशीच भिजली होती. पण तिला एके ठिकाणी चिंधीचा तुकडा लोंबत होता. दोरीवरून धावत आलेला प्रत्येक थेंब त्या चिंधीपाशी थांबे, तिच्या टोकावरून खाली पडे आणि पुढची दोरी कोरडी राही. एका चिंधीने गुरुजींची दुसरी अडचण सोडविली!

पुढच्या शनिवारी ते पुन्हा त्याच जांभळींखाली आले. या वेळी झोळीच्या खाली जुन्या नऊवारी लुगड्याची दुसरी झोळी होती आणि दोहोंच्या मध्ये घोंगडी व कोरडा पेंढा सैलसा भरला होता. त्यामुळे अंगाच्या भाराने तो दबत नव्हता. घोंगडी लोकरीची, ती थोडी दमट झाली तरी सुताच्या कापडासारखी ऊब सोडत नाही. म्हणून तर मेंढरांमागे फिरणारा धनगर पावसापाण्यात तिला अंतर देत नाही. ताडपत्री त्यांनी वाऱ्याच्या बाजूने जमिनीलगत ओढली; दुसरी बाजू हवेसाठी उघडी ठेवली. दोन्हीकडच्या दोऱ्यांना, ताडपत्रीच्या आत, एकेक चिंधी बांधली. झोळी खुर्चीइतक्याच उंचीवर टांगली, म्हणजे गाठ सुटलीच तरी इजा होऊ नये. रात्री घालावयाचे कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून आणले होते. झोळीत ते सरळ न निजता थोडे तिरपे निजले. तसे निजल्याने पाठ धनुष्यासारखी वाकत नाही. सकाळी कोंबड्याने त्यांना जागे करावे लागले.

मग भाद्रपदात आठही मुले तेथे आली. नवीन घेतलेल्या वस्तू दोनच होत्या : ताडपत्री आणि झोळीचे दणकट कापड; तीही सर्वांनी मिळून घेतली. बाकी सारे घराघरांतल्या माळ्यांवरून उतरले होते. एका मुलाने आजोबांची जुनी, ठिगळ लावलेली घोंगडी आणली होती. कोणी हसेल या भीतीने तिच्यावर त्याने नवी चादर गुंडाळली होती. वरच्या फांद्या वाळलेल्या नाहीत ना, हे पाहून गुरुजींनी झाडे निवडली. पाऊस वाढलाच तर शेजारच्या शाळेची ओसरी उघडी ठेवण्यास सांगितले. कारण धाडस करणाऱ्याने परतीची वाट आधी पाहून ठेवावी, हे ते एका रात्रीत शिकले होते.

रात्रभर पाऊस कोसळत होता. गुरुजी दोनदा कंदील घेऊन उठले आणि प्रत्येक झोळीच्या पोटाला त्यांनी हात लावून पाहिला. कोठे ओल लागली नाही. घोंगडीवाल्याच्या झोळीतून तर संथ घोरणे ऐकू येत होते. सकाळी दोघे मित्र त्याच्याभोवती घोटाळू लागले. “पुढच्या वेळी तुझी घोंगडी मला देशील का?” असे दोघांनीही त्याला विचारले. त्याने चादर सोडून दूर ठेवली आणि ती ठिगळाची घोंगडी सर्वांना दिसेल अशी ओसरीवर वाळत घातली.