मल्लविद्येच्या मुलखांत

सयाम देशांत, म्हणजे हल्लींच्या थायलंडांत, मुष्टियुद्धाचा एक जुना प्रकार आहे. त्यांत दोन मुठी, दोन कोपरें, दोन गुडघे व दोन नडग्या यांनीं प्रहार करतात. म्हणून तिला अष्टांगांची कला म्हणतात. परंतु आम्हांस त्या आघातांहून त्यांच्या आरंभाचें अधिक कौतुक वाटतें. झुंजीपूर्वीं दोघेही योद्धे गुरूला वंदन करतात, आणि त्या विधीच्या सयामी नांवांतील 'ख्रू' हें आपल्या संस्कृत 'गुरु' शब्दाचेंच रूप होय. बळापूर्वीं विनय, हाच तो दंडक. तो पाहण्यास समुद्र ओलांडावयास नको. नांदेडहून लातूरपर्यंत प्रवास केला तरी पुरे.

गोदातीरीं नांदेडास १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग यांनीं देह ठेविला. तेथील सचखंड गुरुद्वाराची वास्तु महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविली. गुरूंचीं शस्त्रें तेथें मोठ्या आदरानें जतन केलीं आहेत. होळीच्या सुमारास होला महल्ला भरतो, तेव्हां शीख तरुण गतका खेळतात. एका हातीं लांकडी दंड, दुसऱ्या हातीं लहान ढाल, आणि खेळापूर्वीं शस्त्राला नमस्कार! आपल्याकडील फरी-गदका ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस या खेळाचें नातें सांगावयास नको.

नांदेडहून लातूरची वाट धरली कीं लोहा तालुक्यांत माळेगांव लागतें. मार्गशीर्षांत येथें खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोड्यांचा व गाढवांचा बाजार तर भरतोच, पण कुस्त्यांचा फडही रंगतो. मल्ल आखाड्यांत उतरतांना प्रथम माती कपाळास लावतो. ती मातीही साधी नव्हे. तींत ताक, तेल, हळद व लिंबाचा रस कालवून ती मऊ केलेली असते. तालमींत मारुतीपुढें दिवा लागल्यावांचून जोर-बैठकांस आरंभ होत नाहीं.

लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यांत रामलिंग मुदगड नांवाचें खेडें आहे. हरिश्चंद्र बिराजदार हे येथलेच. १९६९ सालीं त्यांनीं 'महाराष्ट्र केसरी' हा मान मिळविला, आणि दुसऱ्याच वर्षीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें. 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताबही त्यांस लाभला. मातींत वाढलेला मल्ल परदेशच्या गादीवरही भारी ठरतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. पुढें पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत त्यांनीं अनेक शिष्य घडविले. २००६ सालीं त्यांस ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०११ मध्यें ते निवर्तले.

निलंग्याहून सीमा ओलांडली कीं बसवकल्याण जवळच आहे. हीच चालुक्यांची कल्याणी. येथील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि त्यांत 'मल्लविनोद' नांवाचें एक प्रकरण घातलें. वय, शरीर व बळ यांवरून मल्लांचे वर्ग, त्यांचा व्यायाम, डावांचीं नांवें, इतकेंच नव्हे तर राजानें त्यांस दूध, साखर व डाळी पुरवाव्या, हेंही तेथें सांगितलें आहे. काव्यशास्त्र जाणणाऱ्या राजास आखाडा हलका वाटला नाहीं. मग चार बुकें शिकलेल्या आपल्या घरांसच तो कां हलका वाटावा?

कुस्तीचें नांव काढतांच 'तें आपलें काम नव्हे' असें वडील माणसेंच म्हणतात, हें आम्हीं अनेक सुशिक्षित घरांत ऐकिलें आहे. वाटेंतल्या खेड्यांत तालमीच्या दारास कुलूप पाहिलें, म्हणजे या उद्गारांची किंमत कळते. राजे गेले, आतां आश्रय देणारे आपणच. वाचकांपैकीं कोणी नांदेडास दर्शनास गेल्यास त्यांनीं पुढें लातूरपर्यंत जावें, आणि पहांटे एखादी चालू तालीम मुलांना दाखवावी. गुरुपुढें वांकणाऱ्या बलवंताचें दर्शन हेंही तीर्थदर्शनच होय.