जास्वंदीवरचा कापूस

दिवाळीनंतर घरात कापूस आला की बसायला जागा उरत नाही, हे आपल्या वणीकडच्या मुलांना सांगायला नको. आमच्या पुढच्या खोलीत तर छतापर्यंत ढीग लागतो. अंथरुणावर कापूस, केसांत कापूस, ताटातसुद्धा कापूस. त्यामुळे माझ्या जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरे पांढरे काही दिसले तेव्हा मला वाटले, कापसाचे पुंजके चिकटले असतील. ही माझी पहिली चूक. या लेखात माझ्या एकूण तीन चुका आहेत. वाचून हसायचे असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

त्याचे असे झाले. आमच्या वर्गाच्या खिडकीत आम्ही मुलांनी कुंड्या ठेवल्या आहेत. कुंड्या म्हणजे काय, कुणी तेलाचा डबा आणला, कुणी काठ फुटलेला माठ, तर कुणी बादली. त्यांत तुळस आहे, कोरफड आहे, मनीप्लँट आहे आणि एक लाल जास्वंद आहे. दिवाळीच्या सुटीत पाणी कोण घालणार? म्हणून गुरुजींनी एकेक झाड एकेकाला घरी न्यायला दिले. जास्वंद माझ्या वाट्याला आली. बाहेर सपरीत ठेवली तर शेळ्या खातील, म्हणून मी ती घरातच खिडकीजवळ, कापसाच्या ढिगाशेजारी ठेवली.

आठ दिवसांनी पांढरे पुंजके दिसले. मी लक्ष दिले नाही. मग डब्यावरून मुंग्यांची रांग वर जाऊ लागली. पाने हाताला चिकट लागू लागली. कोवळी पाने आक्रसली, कळ्या गळून पडल्या. पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर आला. आमच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात, म्हणून मला वाटले, ही कोळशाची धूळ असेल. ओल्या फडक्याने पुसली, तर नीट निघेना. शेवटी एक पुंजका काडीने उचलून पाहिला. त्याला पाय होते! तो हळूहळू चालत होता. मी ओरडलेच.

आजी म्हणाली, "अवं, हा तं पिठ्या ढेकूण हाय. पऱ्हाटीवर नाही का रायत? कापसासंगं आला असन घरात."

आता शाळा उघडायला चारच दिवस उरले होते. सगळ्यांची झाडे हिरवीगार येणार आणि माझी जास्वंद वाळलेली, या विचाराने मला रडू येत होते. मला एकदम आठवले, बाबा पऱ्हाटीवर ज्या औषधाचा फवारा मारतात, त्याची थोडी उरलेली बाटली मागच्या कोठीत वर ठेवली आहे. स्टुलावर चढून मी ती काढली. आईच्या कपडे इस्त्री करायच्या पाण्याच्या फवाऱ्यात ओतावी, पाणी घालावे आणि मारून द्यावा, असा माझा बेत होता. ही माझी दुसरी चूक, आणि ती फार मोठी होती.

झाकणाला हात लावला एवढ्यात बाबा आले. बाबा कधी माझ्यावर ओरडत नाहीत. त्या दिवशी इतके जोरात ओरडले की माझा लहान भाऊ रडायला लागला.

"ठेव ते खाली! हात नोको लावू त्याले!"

मला साबणाने तीनदा हात धुवायला लावले. मग बाबा माझ्याजवळ बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "बाई, तू या खोलीत हे मारशीन, अन् रात्री आपन सारे इथंच झोपू. त्या फवाऱ्यातलं पाणी उद्या तुही माय कपड्यावर शिंपडन. मंग?"

मला बोलता आले नाही.

२०१७ सालची गोष्ट आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मोठ्या माणसांना विसरता येत नाही. तेव्हा मी बालवाडीत होते. त्या वर्षी पावसाळ्यात आणि त्यानंतर कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने आजारी पडले. वीसहून अधिक माणसे दगावली. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर आणि तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, आणि उकाडा तर असा की अंगावरचे कपडे घामाने ओले. विष नुसते तोंडातून जात नाही, ते श्वासातून आणि कातडीतूनही जाते. बाबांनाही त्या वर्षी त्रास झाला होता. डोळ्यांची आग, उलट्या, हातपाय थरथरायचे. चार दिवस दवाखान्यात होते. हे मला घरात कुणी कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी बाबांनी स्वतः सांगितले.

मग त्यांनी बाटलीवरची खूण लांबूनच दाखवली. औषधाच्या लेबलवर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. पण हिरवा असला तरी ते औषध पिकासाठी आहे, घरासाठी नाही. आमच्या बाटलीवर लाल होता.

शाळा उघडल्यावर मी मान खाली घालून जास्वंद परत नेली. गुरुजी रागावले नाहीत. उलट म्हणाले, "छान! आज विज्ञानाचा तास या झाडापाशी घेऊ." भिंग आणले आणि आम्ही सगळे डब्याभोवती बसलो. त्या दिवशी जे कळले ते असे.

पिठ्या ढेकूण आपल्या खाटेतला ढेकूण नव्हे. तो माणसाला चावत नाही. त्याच्या तोंडाला सुईसारखी सोंड असते. ती तो कोवळ्या देठात खुपसतो आणि रस पितो. रस इतका पितो की जास्तीचा गोड रस मागून टाकतो. तोच पानावरचा चिकटा. त्या गोडव्यासाठी मुंग्या येतात आणि पिठ्या ढेकणांची राखण करतात, जशी आपण गाय दुधासाठी राखतो. चिकट्यावर काळी बुरशी वाढते. म्हणजे ती कोळशाची धूळ नव्हती! अंगावरचे पांढरे पीठ म्हणजे मेण असते. त्यामुळे साधे पाणी त्याच्या अंगावरून ओघळून जाते.

आणखी एक गंमत कळली. जास्वंद, कापूस आणि भेंडी ही तिन्ही एकाच कुळातली झाडे आहेत. फुले शेजारी शेजारी ठेवून पाहा, भावंडे वाटतील. म्हणूनच पऱ्हाटीवरच्या किडीला माझी जास्वंद आवडली. कापसावरचा हा परदेशी पिठ्या ढेकूण आपल्या देशात २००६ सालाच्या सुमारास फार पसरला होता. बांधावरच्या गाजर गवतावरही तो राहतो.

मग आम्ही उपाय सुरू केला. जास्वंद बाकीच्या झाडांपासून दूर, व्हरांड्याच्या टोकाला ठेवली. फार भरलेले दोन शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवले. एक लिटर पाण्यात लहान चमचाभर अंगाच्या साबणाचा कीस विरघळवला. काडीला कापूस गुंडाळून त्या पाण्यात भिजवायचा आणि एकेक ढेकूण पुसून काढायचा. साबणाने मेण सुटते. आधी एकाच पानावर लावून दुसऱ्या दिवशी पाहिले, पान करपले नाही, मग सगळीकडे लावले. थोड्या वेळाने स्वच्छ पाण्याने झाड धुतले. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवला. मुंग्या गेल्या की ढेकणांचे राखणदार गेले.

आजीने घरून वाळलेल्या निंबोळ्या दिल्या. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून, फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवल्या. सकाळी पिळून, गाळून एक लिटर पाणी केले आणि त्यात चिमूटभर साबण टाकला. हाच पाच टक्के निंबोळी अर्क. शेतकरी पाच किलो निंबोळ्यांचा शंभर लिटर करतात, आम्ही एक लिटर केला. हा संध्याकाळी मारायचा, कारण उन्हाने त्याचा गुण जातो. आणि ताजा असतानाच वापरायचा. एकदा मारून भागत नाही. मादी शेकडो पिले देते, म्हणून दर आठवड्याला पुन्हा पाहावे लागते. आम्ही पाच आठवडे केले.

आता तिसरी चूक. तिसऱ्या आठवड्यात मला तीन मोठे पांढरे किडे दिसले. अंगावर लांब लांब मेणाचे धागे. मी ते चटकन चिरडले आणि मोठ्या ऐटीत गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "ते भराभर पळत होते का?" मी म्हटलं, "हो गुरुजी, लई पळत होते." तेव्हा ते म्हणाले, "मग तू आपलेच शिपाई मारलेस." ती ढालकिड्याची पिले होती! काही ढालकिड्यांच्या अळ्या अगदी पिठ्या ढेकणासारख्या दिसतात आणि पिठ्या ढेकूणच खातात. क्रिप्टोलेमस नावाचा असा एक ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणला होता. ढेकूण सुस्त असतो, अळी चपळ असते, एवढाच फरक लक्षात ठेवायचा. मला फार वाईट वाटले. बाबांच्या बाटलीतले औषधही तर हेच करते. शत्रू आणि मित्र, दोघांनाही मारते.

त्यानंतर आम्ही बाकीच्या कुंड्याही तपासल्या. तुळशीला मावा होता, तो बोटाने पुसून आणि पाण्याच्या धारेने गेला. एका झाडाच्या पानाखाली बारीक जाळे होते, तो लाल कोळी. त्याला आठ पाय, म्हणून तो कीटक नव्हेच. धूळ बसलेल्या कोरड्या पानांवर तो वाढतो. आपल्याकडे धुळीला काय तोटा! म्हणून आता दर शनिवारी आम्ही पाने वरून आणि खालून धुतो. मनीप्लँटच्या मातीतून चिलटे उडत होती. पाणी कमी केले, ती कमी झाली.

माघ महिन्यात, गणेश जयंतीच्या सकाळी, जास्वंदीला एक फूल आले. फार मोठे नव्हते. गुरुजींनी ते मला तोडायला सांगितले, पण मी तोडले नाही. म्हटलं, गणपती इथूनच पाहील.

मित्रमैत्रिणींनो, हे भित्तिपत्रक वाचून झाले की डाव्या बाजूच्या खिडकीत पाहा. जास्वंद तिथेच आहे. भिंग दोरीने बांधले आहे. पान उलटून पाहा. अजून दोन-चार ढेकूण सापडतील. पळणारा पांढरा किडा दिसला तर त्याला मारू नका.

आणि आलेल्या आई-बाबांना एक विनंती. आमच्या बाबांनी औषधाच्या पेटीला आता कुलूप लावले आहे आणि ती घरातून काढून वावरातल्या कोठ्यात नेली आहे. तुमच्या घरची बाटली कुठे आहे, ते आज घरी गेल्यावर एकदा पाहा. माझा हात त्या बाटलीच्या झाकणापर्यंत पोचला होता.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी