अंगठ्याचं वेगळं बिऱ्हाड

थंडीत माझी बोटं पांढरीफटक पडतात, आणि अनुवादकाचं पोट त्यांच्यावरच. म्हणून गुलमर्गला, सुमारे २,६५० मीटरवर स्कीइंगसाठी जाताना मी मिटन्स घेतले. मराठीत तेही हातमोजेच. पण यात अंगठा तेवढा वेगळं बिऱ्हाड करतो, बाकीची चार बोटं एकत्र कुटुंबात नांदतात, एकमेकांना ऊब देतात. शेळीचं कातडं निवडलं: मऊ, तरी चिवट. आतलं लोकरीचं अस्तर सुटं हवं, म्हणजे काढून वाळवता येतं. शिवणींवर मधमाश्यांचं मेण चोळायचं. पाणी आधी तिथूनच शिरतं. ओले मिटन्स बुखारीला मात्र टेकवू नयेत, कातडं कडक होऊन तडकतं. खोलीतल्या हवेवर, दमानं वाळू द्यावेत. पेन त्यांत धरता येत नाही. टिपणं संध्याकाळी, कहव्यासोबत.