मिशिगन सरोवराच्या कांठीं

प्रवासवर्णन लिहावयाचें म्हटलें म्हणजे कोणी हिमशिखरें वर्णितो, कोणी प्राचीन देवालयें वर्णितो. आम्ही आज वाचकांस जेथें नेणार आहों तेथें यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें लाल रंगाचें एक कोठार आहे, कोठारांत एक लांकडी मेज आहे, आणि त्या मेजावर तेलानें माखलेलें एक जुनें एंजिन उघडून ठेवलेलें होतें. परंतु त्या एंजिनाच्या निमित्तानें एका प्रदेशाचा इतिहास आणि एका कुटुंबाचें मन आम्हांस जितकें कळलें, तितकें कोणत्याहि मार्गदर्शिकेनें कळलें नसतें.

आमचा पुतण्या अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत शेबॉयगन शहरीं नोकरीस असतो. भाद्रपदाच्या अखेरीस आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों होतों. मिलवॉकीहून उत्तरेस जाणारा रस्ता मिशिगन सरोवर उजव्या हातास ठेवून जातो. सरोवर म्हणावयाचें, परंतु पैलतीर दिसत नाहीं. लाटा आहेत, दीपगृहें आहेत, फक्त वाऱ्याला मिठाचा वास नाहीं. डाव्या हातास मक्याचीं शेतें, दुभत्या गाईंचे गोठे आणि वैरणीचे उंच गोल बुरूज. हा मुलूख मुख्यत्वेंकरून जर्मन शेतकऱ्यांनीं वसविलेला. नीटनेटकेपणा त्यांच्या अंगणांतून अजून दिसतो.

या पन्नास-साठ मैलांच्या पट्ट्यांत लहान यंत्रांचा जो व्यवसाय भरभराटला, त्याची कल्पना आपल्या इकडे फारशी नाहीं. मिलवॉकीस १९०८ सालीं ब्रिग्ज आणि स्ट्रॅटन या दोघांनीं धंदा मांडला; त्यांच्या कारखान्यांतून पुढें घरगुती कामाचीं लहान एंजिनें लाखांनीं बाहेर पडलीं. वाटेवरच्या पोर्ट वॉशिंग्टन या चिमुकल्या बंदरगांवीं बोलेन्स आणि सिंप्लिसिटी असे बागट्रॅक्टरांचे दोन नामांकित कारखाने होते. आज दोन्ही तेथें चालत नाहींत. सिंप्लिसिटीचा तर २००८ सालीं बंद झाला. आणखी उत्तरेस, शेबॉयगनला लागूनच, कोहलर हें गांव आहे.

बागट्रॅक्टर म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील पुष्कळ कुटुंबें शहराबाहेर एक-दोन एकरांच्या जागेंत राहूं लागलीं. शेतीचा ट्रॅक्टर तेथें अवजड, आणि हातानें ढकलावयाचें गवतकापें अपुरें. म्हणून सात ते सोळा अश्वशक्तीचीं हीं ठेंगणीं यंत्रें निघालीं. उन्हाळ्यांत गवत कापावें, वसंतांत परसू नांगरावें, हिवाळ्यांत दारांतलें बर्फ लोटावें, अशीं बारमाही कामें त्यांच्याकडे. घराघरांतून तीं बापाकडून मुलाकडे आलीं, आणि आज पन्नास-साठ वर्षांचे ट्रॅक्टर दुरुस्त करून चालते ठेवणें हा तेथील पुष्कळ गृहस्थांचा छंद झाला आहे.

कोहलर गांवाची हकीकत आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. ऑस्ट्रियाहून आलेल्या जॉन मायकेल कोहलर यानें १८७३ सालीं नांगर व शेतीचीं अवजारें करण्याचा धंदा आरंभिला. १८८३ सालीं जनावरांसाठीं केलेल्या लोखंडी हौदास त्यानें चकचकीत लुकण देऊन त्याचें स्नानपात्र बनविलें, आणि कारखान्याचें नशीब पालटलें. १९१२ सालीं कारखान्याभोंवतींची वस्ती स्वतंत्र गांव म्हणून नोंदली गेली. १९१८ सालीं परदेशांतून आलेल्या कामगारांसाठीं तेथें एक प्रशस्त वसतिगृह उठलें, तें आज मोठें हॉटेल आहे. नांगरापासून आरंभ, कारखान्याभोंवतीं आंखीव गांव, आणि शेवटीं एंजिनें! आम्हांस क्षणोक्षणीं १९१० सालीं माळरानावर उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीची आठवण होत होती.

परंतु या आंखीव गांवाच्या इतिहासास एक काळी किनार आहे. १९३४ सालच्या संपांत येथें गोळीबार होऊन दोन माणसें मेलीं. १९५४ सालीं पुन्हा संप झाला तो १९६० पर्यंत चालला. देशभर कोहलरच्या मालावर बहिष्कार पुकारला गेला, आणि अखेरचा हिशेब तर १९६५ सालीं मिटला. गांव दुभंगला, इतकेंच नव्हे तर घरेंहि दुभंगलीं. तें आम्हीं ऐकलें होतें. पाहिलें मात्र त्या कोठारांत.

पुतण्याच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ शेबॉयगनपासून आठ-दहा मैलांवर राहतात. त्यांच्याकडे १९६७ च्या सुमाराचा, पिवळा-पांढरा 'कब कॅडेट' ट्रॅक्टर आहे. हे ट्रॅक्टर केंटकी राज्यांतील लुइव्हिल येथें इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी बनवीत असे. एंजिन मात्र कोहलरचें. आम्ही गेलों तेव्हां ट्रॅक्टरांत मिलवॉकीचें ब्रिग्ज एंजिन होतें, आणि मूळचें कोहलर मेजावर पडलेलें होतें. आम्हीं सहज कारण विचारलें. वृद्ध गृहस्थ म्हणाले, "हें एंजिन माझ्या वडिलांनीं काढलें. ते १९५४ च्या संपांत होते. माझे काका संपांत न जातां कामावर राहिले. त्यानंतर दोघे भाऊ एका मेजावर जेवले नाहींत. ट्रॅक्टर वडिलांनीं लिलावांत घेतला, तेव्हां टोपणाखालीं काय आहे तें पाहिलें नव्हतें. पुढें तेल कमी पडून एंजिन अडकलें. दुरुस्त होण्यासारखें होतें. पण वडील म्हणाले, त्या कंपनीस एका खिळ्याचेहि पैसे देणार नाहीं."

मग वडिलांनीं जी अदलाबदल केली तिची गोष्ट मोठी मौजेची आहे. सामान्य ट्रॅक्टरांत एंजिनाच्या ज्या टोकाला कप्पी असते त्या टोकानें गाडी चालते. कब कॅडेटची रचना उलट आहे. कप्पीचें टोक पुढें असून तें गवतकाप्यासारखीं जोडयंत्रें चालवितें, आणि मागच्या बाजूस फ्लायव्हीलला जोडलेला दांडा क्लचमार्गें गाडी ओढतो. वडिलांनीं ब्रिग्जचें एंजिन फिरवून कप्पीचें टोक मागें केलें आणि दांडा त्यालाच जोडला. फिरण्याची दिशा त्यामुळें उलट झाली. ट्रॅक्टरास पुढें जाण्याचे तीन गियर व मागें येण्याचा एक. तो आतां तीन गियरांनीं मागें व एकानें पुढें जाऊं लागला! कुटुंबांत ही गोष्ट अजून सांगतात. शेवटीं त्यांनीं एंजिन पुन्हा सुलट बसविलें आणि फ्लायव्हीलवर स्वतःच्या हातानें कातलेली एक तबकडी बसवून दांडा जोडला. परंतु ती तबकडी केसभर मध्यबिंदूबाहेर राहिली. तेवढ्यानें दांडा थरथरत राहिला. क्लचचे भाग वर्षानुवर्षें झिजत गेले. आणि अखेर चौकटीस तडा गेला.

नातवाची इच्छा मूळचें एंजिन पुन्हा बसवावें अशी होती. वृद्ध गृहस्थांचें मन घेईना. "वडिलांनीं जें काढलें, तें मीं परत घालावें काय?" असें ते स्वतःशींच म्हणत. मग आमच्याकडे वळून त्यांनीं विचारलें, "तुमच्याकडे गेलेल्या वडिलांची इच्छा कशी पाळतात?" पितृपक्षाचे दिवस, आम्ही निघण्यापूर्वींच तीर्थरूपांचें श्राद्ध एके दिवशीं कसें करावें याच्या विवंचनेंत होतों. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, आमच्याकडे पितरांस अन्न देतात. त्यांचें भांडण पुढें चालविलेंच पाहिजे असें कोठें सांगितलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं. ते कांहीं बोलले नाहींत. दुसरे दिवशीं मात्र त्यांनीं पुतण्यास निरोप धाडला कीं एंजिन उघडावयास या.

हें एंजिन बारा अश्वशक्तीचें, कोहलरच्या 'के ३०१' जातीचें. एकच सिलिंडर, व्यास सव्वातीन इंचांहून इंचाचा आठवा भाग अधिक, आणि दट्ट्याची धांव सव्वातीन इंच. तेलाचा पंप नाहीं. रॉडच्या टोकाला एक लहानसा पळा असतो, तो प्रत्येक फेऱ्यास तेलांत बुडून तें सर्वत्र उडवितो. म्हणूनच तेल कमी झालें, किंवा चढावर उतारावर पळा कोरडा राहिला, कीं रॉड क्रँकच्या खुंटीवर घट्ट धरला जातो. शिवाय रॉड अॅल्युमिनियमचा असून मध्यें निराळी बेअरिंग नसते, तो थेट पोलादी खुंटीवर फिरतो. येथें अॅल्युमिनियम वितळून खुंटीला चिकटलें होतें. हायड्रोक्लोरिक आम्लानें तें जपून काढल्यावर खालीं खोल चरे दिसले.

पुतण्यास एक सोपा उपाय सुचला. शेजारच्या गांवीं साऊथ बेंडच्या व्हील हॉर्स ट्रॅक्टरांतून निघालेलें त्याच जातीचें एंजिन होतें; त्याचा क्रँक काढून घालावा. दोन्ही क्रँक मेजावर शेजारीं ठेवले. खुंटी दोहोंची दीड इंचाची, धांव तीच. लांबून पाहाणारास जुळे भाऊच वाटावे. परंतु हातांत मायक्रोमीटर घेतल्यावर भेद दिसूं लागले. पुढच्या टोकाची लांबी निराळी, चावीची खांच निराळी, आणि दुसऱ्या क्रँकवर एक चक्र जास्त होतें. कांहीं एंजिनांत कंप कमी करण्यासाठीं तोल राखणारीं दोन चक्रें बसवीत, त्यांना फिरविणारें तें चक्र. वजनाचेंहि तसेंच आहे. क्रँकच्या मागें जीं जड वजनें ओतलेलीं असतात, तीं दट्ट्या व रॉड यांच्या भाराशीं तोलून ठरविलेलीं. याच कुळांतील सोळा अश्वशक्तीच्या एंजिनाची धांव तितकीच आहे, पण त्याचा दट्ट्या पावणेचार इंच व्यासाचा व अधिक जड. म्हणून केवळ मापें जुळतात एवढ्यावर भाग बदलूं गेलें कीं एंजिन थरथरूं लागतें.

"थरथरणें या घरांत पुरें झालें," असें म्हणून वृद्ध गृहस्थांनीं मूळचाच क्रँक घासून घेण्याचें ठरविलें. यंत्रशाळेनें खुंटीचे इंचाचे दहा हजारांश उतरविले, आणि तेवढ्याच कमी मापाचा नवा रॉड आणविला. खुंटी व रॉड यांत तेलासाठीं एक-दोन हजारांशांचीच जागा राहते; कमी झाली तर एंजिन धरतें, अधिक झाली तर खडखडतें. रॉड व त्याची टोपी जोडीनेंच कातलेलीं असतात. पुतण्यानें घाईनें टोपी उलटी लावली, आणि क्रँक हलेना. वृद्धांनीं न रागावतां दोहोंवरच्या खुणा दाखविल्या. "खूण खुणेसमोर," इतकेंच ते म्हणाले. टोपी फिरवितांच क्रँक बोटानें फिरूं लागला. मग क्रँक व कॅम यांच्या चक्रांवरील खुणाहि तशाच समोरासमोर आणल्या.

काम चाललें असतां त्यांनीं आपण होऊन एक गोष्ट सांगितली. संप मिटल्यावर पुष्कळसे संपकरी पुन्हा कारखान्यांत घेतले गेले. "हें एंजिन त्यानंतरचें. याचा ठोकळा ज्यांनीं ओतला, त्यांत माझ्या वडिलांच्या बाजूला उभीं राहिलेलीं माणसें असतील, आणि माझ्या काकांच्या बाजूचींहि असतील. वडिलांनीं कंपनीचें नांव पाहिलें. मला आतां तीं माणसें दिसतात."

आमच्या परतीच्या आदल्या दिवशीं एंजिन जागेवर बसलें. दोन-तीनदां नुसतें गुरगुरलें, मग निळसर धूर सोडून संथ लयींत चालूं लागलें. नातवानें पहिला गियर टाकला. ट्रॅक्टर पुढेंच गेला. सगळे हंसले, वृद्ध मात्र हंसले नाहींत. त्यांनीं काढलेलें ब्रिग्ज एंजिन विकलें नाहीं. लांकडें फोडण्याच्या यंत्रावर तें बसवावयाचें ठरलें. वडिलांनीं कातलेली ती तबकडी त्यांनीं पुसून, तेल लावून कोठाराच्या भिंतीवर खिळ्यास टांगली.

परततांना सरोवर डाव्या हातास होतें. त्याच आठवड्यांत पुतण्याच्या स्वयंपाकघरांत आम्हीं तीर्थरूपांचें पान वाढलें; भोंपळ्याची भाजी, खीर, वडे, जेवढें जमलें तेवढें. आमच्या वडिलांचेंहि एका चुलतभावाशीं बांधावरून भांडण होतें, आणि त्या घराशीं आम्हीं चाळीस वर्षें पत्रव्यवहार केला नव्हता. गांवीं पोंचतांच पहिलें पत्र त्या घरीं लिहिलें.