सहज कीं उथळ?

शब्दांचें माणसांसारखेंच असतें. कांहीं शब्द जन्मभर एकाच घरीं नांदतात. कांहींचें एक पाऊल माहेरीं तर दुसरें सासरीं. इंग्रजींतील 'फॅसाइल' हें विशेषण या दुसऱ्या जातीचें आहे. त्याचें माहेर लॅटिन. 'करणें' या अर्थाच्या धातूपासून तें निपजलें, आणि 'जें करतां येतें तें', अर्थात् सोपें, एवढाच त्याचा मूळ अर्थ. माणसाला लावलें तर 'ज्याच्याशीं बोलणें जड जात नाहीं असा' हा त्याचा आशय होई. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तें फ्रेंचमधून इंग्रजींत आलें. फ्रेंचांच्या घरीं 'सोपें' हा त्याचा साधा अर्थ आजही चालतो. इंग्रजींत मात्र त्याच्या कपाळीं हळूहळू डाग आला. जें लीलया साधलें तें फारसें खोल नसावें, असा संशय त्याला चिकटला. आणि आज इंग्रज टीकाकार एखाद्या युक्तिवादास हें विशेषण लावतो तेव्हां ती शाबासकी नसते.

इंग्रजांना नांवें ठेवण्यापूर्वीं आपण आपलें घर तपासावें हें बरें. 'महार्घ' यापासून जसा 'महाग', तसा 'समर्घ' यापासून 'सवंग'. धान्य सवंग झालें तर गरिबाच्या घरीं आनंदच व्हावयाचा. परंतु लोकप्रियतेला 'सवंग' म्हटलें कीं तिची अब्रू गेलीच. 'सराईत' हात म्हणजे मुरलेल्या कारागिराचा हात. पण वर्तमानपत्रांत 'सराईत' दिसला कीं त्यापुढें 'गुन्हेगार' बहुधा असतोच. 'गुळगुळीत' दगड हाताला सुखवितो, 'गुळगुळीत' भाषण मात्र श्रोत्याला कांहींच देऊन जात नाहीं. जेथें श्रमाच्या खुणा दिसत नाहींत तेथें श्रमच झाले नसतील, ही शंका मनुष्यस्वभावांतच असावी.

गंमत अशी कीं 'फॅसाइल'चा जुना, निष्पाप अर्थ आपल्या देशांतील इंग्रजी वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर सुखरूप राहिला आहे. टेनिसमध्यें एखाद्यानें प्रतिस्पर्ध्यास सरळ दोन सेटांत हरविलें, किंवा शर्यतींत एखादा घोडा बऱ्याच अंतरानें पुढें निघून गेला, कीं बातमीदार त्या विजयास बेधडक 'फॅसाइल' म्हणतो. निंदेचा लवलेशही त्याच्या मनांत नसतो. म्हणून ज्यांचें इंग्रजी वर्तमानपत्रांवर पोसलें त्यांना हा शब्द स्तुतीचा वाटतो. ज्यांचें टीकाग्रंथांवर पोसलें त्यांना निंदेचा. दोघेही कोश उघडून आपलें म्हणणें सिद्ध करूं शकतात.

हा वाद पंडितांपुरता राहिला असता तर त्यासाठीं शाई खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील एका तरुणाचें वर्ष त्यापायीं वांया जातांना मीं पाहिलें आहे. हा तरुण अक्राणी तालुक्यांतील एका पाड्यावरचा. घरीं पावरी, आठवड्याच्या बाजारांत अहिराणी आणि गुजराती, आश्रमशाळेंत मराठी, अशा पायऱ्या चढत तो इंग्रजीपर्यंत पोंचलेला. त्याच्या अध्यापकांनीं शिफारसपत्रांत लिहिलें कीं त्याचें इंग्रजीवर 'फॅसाइल' प्रभुत्व आहे. तें पत्र एका संस्थेकडे गेलें आणि तेथून उत्तर आलें : उमेदवाराचें भाषाज्ञान वरवरचें असल्याचें त्याच्या अध्यापकांचेंच मत दिसतें, सबब शिष्यवृत्ति देतां येत नाहीं. दुसऱ्या एका ठिकाणीं अर्ज करावयाचा होता, आणि तेथें पत्राचा मराठी तर्जुमा हवा होता. म्हणून तो माझ्याकडे आला. त्या एका शब्दापाशीं माझी लेखणी थांबली. 'सहज' लिहावें तर मुलगा तरतो, 'उथळ' लिहावें तर बुडतो. आणि कोशाची संमति दोहोंनाही आहे.

मीं अध्यापकांस विचारलें. त्यांना मनापासून आश्चर्य वाटलें. स्तुतीवांचून दुसरें कांहीं त्यांच्या ध्यानींमनींही नव्हतें. त्यांनीं नवें पत्र लिहून दिलें, आणि त्यांत विशेषण एकही घातलें नाहीं. सुटीच्या दिवसांत हा मुलगा दवाखान्यांत दुभाष्याचें काम करतो. पाड्यावरची म्हातारी पावरींत आपलें दुखणें सांगते तें तो डॉक्टरांस मराठींत सांगतो, आणि इंग्रजी चिठ्ठीवरील औषधांच्या वेळा तिला तिच्या बोलींत समजावतो, एवढेंच त्यांत लिहिलें. जेथें एका शब्दाच्या चुकीनें रोग्याचें बरेंवाईट व्हावयाचें, तेथें जो अडखळत नाहीं त्याचें ज्ञान वरवरचें कसें असेल?

तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें रेवाल चालीचा घोडा पाहावा. वेग भरपूर, पण स्वाराचें आसन हलत नाहीं. जणू घोडा पाण्यावरून चालला आहे. बघ्याला वाटतें, यांत कठीण तें काय? परंतु ज्यानें लगाम धरला आहे त्याला ठाऊक असतें कीं या एका चालीसाठीं किती पहांटा खर्चीं पडल्या. तीच गोष्ट त्या मुलाच्या वाणीची. सहजता ही श्रमाची अखेरची पायरी. खालच्या पायऱ्या बघ्याला दिसत नाहींत, इतकेंच.

आणखीही एक गोष्ट कटु असली तरी सांगितली पाहिजे. हा संशय सर्वांच्या वांट्याला सारखा येत नाहीं. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतला मुलगा इंग्रजी अस्खलित बोलला तर आपण त्याला घरचे संस्कार म्हणतों. अक्राणीचा मुलगा तसाच बोलला तर त्याला आंतून किती येतें याची झडती घ्यावीशी वाटते. शब्द दुहेरी असतो. त्याचा कोणता अर्थ घ्यावयाचा हें पुष्कळदां ऐकणाऱ्यानें आधींच ठरविलेलें असतें.

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण खरी आहे. परंतु जें पाणी खळखळत नाहीं तें सारें खोलच असतें असेंही नाहीं. कांठावर उभे राहून तळ कळावयाचा नाहीं. त्यासाठीं पाण्यांत उतरावें लागतें. तेवढी तसदी ज्यांना घ्यावयाची नसते त्यांना असले दुहेरी शब्द फार सोयीचे पडतात. म्हणून ज्याला स्तुति करावयाची असेल त्यानें ती उघड करावी, ज्याला दोष दाखवावयाचा असेल त्यानें तो नेमका दाखवावा. आणि ज्याच्या एका शब्दावर दुसऱ्याचें वर्ष अवलंबून आहे त्यानें तर विशेषण बाजूला ठेवून, आपण काय पाहिलें तेवढेंच लिहावें.