कळलावी आणि बग

कोल्हापुरात पाऊस लागला की आमच्या परसातल्या कुंपणावर कळलावी चढते. कुणी लावलेली नाही. पानांची टोकं तारेला गुंडाळत ती वर सरकते आणि श्रावणात फुलते. लाल-पिवळ्या पाकळ्या, अगदी ज्वाळांसारख्या. आजीची ती लाडकी.

माझी लाडकी बग, म्हणजे मांजर. ऑफिसच्या कॉलमध्ये नको तेव्हा उगवते म्हणून हे नाव. आजीला वाटतं, मी तिला सारखं 'बघ, बघ' म्हणतो. हिरवं काही दिसलं की बग चावून बघतेच. त्यामुळे यंदा प्रश्न पडला, ही वेल तिला चालेल का?

कळलावीला इंग्रजीत ग्लोरी लिली म्हणतात. 'लिली, मांजर' एवढं शोधलं की फोन किडनी निकामी झाल्याच्या गोष्टी सांगू लागतो. त्या खऱ्या आहेत, पण दुसऱ्या फुलांच्या. बुकेतल्या लिलीचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराच्या जिवावर बेतू शकतं. कळलावी त्या कुळातली नाहीच.

म्हणजे ती चालेल? मुळीच नाही. तिच्यात कोल्चिसिन असतं. पेशीचं विभाजन होताना बारीक धागे गुणसूत्रांना ओढून वेगळं करतात. कोल्चिसिन ते धागेच बनू देत नाही. मग जिथे पेशी सतत नव्याने तयार होतात, त्या आतड्याच्या अस्तराला आणि अस्थिमज्जेला मोठा फटका बसतो. उलट्या, जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर मांजर मजेत खेळताना दिसू शकतं. म्हणून पान चावलेलं दिसलं, तर उलटीची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. कंद विषारी आहेच, पण पान, फूल, बीसुद्धा निर्धोक नाही. हेच कोल्चिसिन मोजून दिलं की गाउटवरचं औषध होतं. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती करतात, शिवाय ते तिथलं राज्यफूलही आहे.

हे सगळं आजीला सांगितलं. ती म्हणाली, "नावातच हाय की ते." बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद वापरायचे, म्हणून कळलावी. फूल घरात आणलं की भांडणं लागतात, असंही म्हणायचे. भांडणांचं सोडा, पण पोराबाळांच्या हाती हे फूल लागू नये, यासाठी तेवढा धाक पुरेसा होता.

आता करायचं काय? वेल उपटली तरी कंद खाली राहतो आणि पुढच्या पावसात परत फुटतो. शेताच्या बांधावर न्यावी, तर तिथे शेळ्या चरतात. मी कुंपणाला जाळी लावायचं म्हणत होतो. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मांजराला वाचता येतंय व्हय? तुला येतंय न्हवं? मग काढ ती."

वेल वाळली की कंद खणून काढायचा, असं ठरलंय. तोवर बग घरातच. पुढच्या वर्षी त्या जागी तेरडा लावायचा. तो मांजरांना विषारी नाही आणि गौरीला लागतोच.

"रंग तीन दिसांचा आसंना का," आजी म्हणाली.